विचारलं की घ्यायचं

आमच्या सेटवर दिवस मिटायची एक पद्धत आहे. शेवटचा शॉट झाला की मुख्य सहायक मधोमध उभा राहून ओरडतो, "काय राहिलं?" मग एकेक खातं उत्तर देतं. कपडेपट म्हणतो, "काही नाही." लाइटवाले म्हणतात, "काही नाही." मेकअप, आवाज, सामान, सगळ्यांचं "काही नाही, काही नाही" होतं आणि शेवटी सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. कारण काय राहिलं हे खरं तर मलाच माहीत असतं. मागच्या दृश्यात थोरल्या सुनेच्या डाव्या हातात असलेला कप उजव्या हातात कसा आला, दिराच्या भुवईवरची जखम एका रात्रीत खाली कशी उतरली, हे पकडणं माझं काम. मला सगळे मुनीम म्हणतात. खरं नाव कुणाला आठवत नाही आणि मीही आठवण करून द्यायला जात नाही. मी "काही नाही" म्हटलं की लाइट जातात आणि माणसं घरी सुटतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की या हाकेतून एक आख्खी श्रद्धा निघाली आणि ती निघाली तेव्हा मी समोर बसले होते.

मास्तर आमच्या मालिकेचे लेखक. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. हवामान खात्यापासून देवापर्यंत सगळ्यांना ते एकाच मापाने मोजत आणि सगळेच त्यांच्या मापात कमी भरत. अशा माणसाला वाहिनीच्या ऑफिसातून फोन आला, की मालिकेत आता मरणाऱ्यांच्या उशाशी बसणारी एक म्हातारी हवी. श्रद्धाळू हवी. पण देव नको, कारण मालिका बऱ्याच भाषांत जाणार होती आणि कुठलाही देव घेतला तरी कुणीतरी रुसणारच.

"देव नको, पण डोळ्यांत पाणी हवं," मास्तरांनी फोन ठेवत सांगितलं. "म्हणजे कांदा नको, पण भजी हवी."

वाहिनीपुढे आणि वहिनीपुढे मास्तरांचं काही चालत नाही, हा सेटवरचा जुना विनोद. त्या दुपारी दोन्हींची गाठ एकाच टेबलाशी पडली. मास्तर कागद घेऊन स्वयंपाकघरात बसले, मी समोर, आणि वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, ओट्याशी भांडी पुसत होत्या.

"मेल्यावर माणूस कुठे जातो, मुनीम?"

"माझ्या हिशेबात? फ्रेमच्या बाहेर."

"चेष्टा नको. वर कुणी नाही, खाली कुणी नाही, परत येणं नाही. मग ही बाई मरणाऱ्याला सांगणार काय?"

"सांगायला कशाला हवं?" वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आयुष्यभर त्याला सगळे सांगतच आलेले असतात. हिला काहीतरी विचारू दे की."

"काय विचारू दे?"

"काय राहिलं?" मी म्हणाले. गमतीतच म्हणाले, सेटवरच्या आवाजात. पण मास्तरांनी पेन उचललं.

चहा निवायच्या आत पाया घातला गेला. माणूस कुठे जात नाही, संपतो. मागे उरतं ते त्याचं अर्धवट काम. ते कुणी हातात घेतलं तर तेवढा माणूस चालू राहतो, नाही घेतलं तर तेवढाही मिटतो. या बाईचं नाव सोबतीण. ती उशाशी बसते, "काय राहिलं?" एवढंच विचारते आणि सांगितलेलं काम घेते. प्रार्थना नाही, आशीर्वाद नाही, पुढच्या जन्माची वायदेबाजी नाही.

"आणि कुणी म्हणालं, जगात शांतता आणायची राहिलीये, तर?" वहिनींनी पातेलं पालथं घातलं. "ती काय पिशवीतून आणणार? हाताने होईल असंच काम सांगायचं. शर्टाचं बटण लावायचं राहिलंय. शेजारणीची छत्री द्यायची राहिलीये."

"हे चांगलंय," मास्तर लिहीत म्हणाले.

"आणि अवघड असलं तर ती 'बघते' म्हणणार का? बघते म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत. विचारलं की घ्यायचं. घ्यायचं नसेल तर विचारायचंच नाही. मरत्या माणसाच्या पोटातलं नुसतं काढून कशाला घ्यायचं?"

मास्तरांनी ते जसंच्या तसं उतरवलं, 'विचारलं की घ्यायचं', आणि खाली रेघ मारली. मग खूश होऊन म्हणाले, "तुला वाहिनीत नोकरी लागेल बघ."

"वहिनीचीच करतेय, ती पुरे," वहिनी म्हणाल्या आणि ओट्यावरून फडकं फिरवून बाहेर गेल्या.

मालिकेच्या पाटीवर नाव अर्थातच एकाचं आलं.

सोबतिणीचं काम सासूबाईंना मिळालं. सासूबाई म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या नटी. हयात खाष्ट सासवा करण्यात गेली, स्वतः लग्नाच्या वाटेला गेल्या नाहीत, पण कॅन्टीनमध्येसुद्धा त्यांना सासूबाईच म्हणत. नखं लांब, रंगवलेली. सुनेकडे बोट रोखताना कॅमेऱ्यात छान दिसत. सोबतिणीसाठी त्यांनी रंग पुसला, पण नखं कापायला साफ नकार दिला. "ती पात्राची नाहीत, माझी आहेत," म्हणाल्या. मग मला प्रत्येक शॉटला त्यांची बोटं मुडपून ठेवावी लागत.

पात्र चाललं. इतकं चाललं, की स्टुडिओच्या फाटकाशी माणसं येऊन उभी राहू लागली. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाचा भाऊ. सासूबाईंनी फक्त येऊन बसावं, विचारावं. सासूबाई गाडीची काच खाली करून सांगत, "अहो, मी ग्लिसरीन लावून रडणारी बाई. मला काय विचारता? घरी जा आणि तुम्हीच विचारा." काच वर गेली की मात्र फाटक दिसेनासं होईपर्यंत मागे वळून बघत.

मग वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. "शिवण छान घातलीये," वहिनी मला म्हणाल्या. "म्हणजे वरचं काम पूर्ण."

आता बाळबद्दल सांगायला हवं. बाळ हा मास्तर-वहिनींचा एकुलता एक मुलगा. बाळ म्हणायचं, पण कानशिलावरचे केस पांढरे झालेत त्याचे. बोलत नाही. शहराच्या टोकाला एका संस्थेत राहतो. दर बुधवारी वहिनी बसने जात आणि त्याची नखं कापून येत. संस्थेतल्या बायका त्याला भरवू शकत, आंघोळ घालू शकत, पण नखांना हात लावू देत नसे तो कुणाला. कात्री किंवा नेलकटर दिसलं की हात काखेत जात आणि डोकं भिंतीवर आपटू लागे. आणि नखं वाढली की तो स्वतःलाच ओरबाडून काढी. गाल, मान, पापण्यासुद्धा.

वहिनींची त्यावर एक युक्ती होती. "आधी माझं, मग तुझं," असं म्हणून त्या आधी स्वतःचं एक नख कापत, मग त्याचं एक. त्यामुळे त्यांची नखं कायम बोटांत बुडालेली असत.

हे असं का झालं तेही मला माहीत होतं, कारण मास्तरांनीच सांगितलं होतं. बाळ घरी असताना एकदा त्यांनी त्याचे हात टॉवेलने खुर्चीच्या हातांना बांधले आणि घाईघाईत नखं कापताना अंगठ्याचं मांस कापलं. तेव्हापासून मास्तर नुसते दारात दिसले तरी बाळचे हात काखेत. मग संस्था आली, आणि मग मास्तरांचं जाणं थांबलं. "मला बघून तो जास्त बिथरतो," मास्तर म्हणत. ते खरं होतं. खरं सोयीचं निघालं की माणूस त्याला फार जपतो.

तेव्हा वहिनींचं काय राहणार होतं हे घरात कुणाला विचारायची गरजच नव्हती. बुधवार राहणार होता. प्रश्न एवढाच होता, की मास्तर तो विचारून घेतात की नाही.

ते विचारत नव्हते.

सेवेत उणीव काढायला जागा नव्हती. उशा उंच करायचे, ओठ ओले करायचे, चादर बदलायला शिकले होते. "पाणी देऊ? पाय चेपू? पडदा सरकवू?" दिवसभर प्रश्नच प्रश्न. पण 'काय राहिलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून अगदी ताटात काय उरलंय एवढ्यासाठीसुद्धा निघेनात. वहिनींनी ताट सरकवलं की म्हणायचे, "उरलंय वाटतं थोडं." सेटवर आले तेव्हा मुख्य सहायकाला बाजूला घेऊन म्हणाले, "ती संध्याकाळची हाक बदला. कानाला टोचते."

"मग ओरडू काय?"

"'झालं का सगळं' म्हणा."

एक दिवस त्याने तसं ओरडून बघितलं. कुणी उत्तरच दिलं नाही. सवयीची हाक ती, आईला हाक मारायचा शब्द बदलतात का कधी!

वहिनी सगळं बघत होत्या. मला म्हणाल्या, "पाहिलंस ना, मुनीम? ते एक सोडून सगळं विचारतात."

"तुम्हीच सांगून टाका ना त्यांना."

"न विचारता सांगितलं की विनवणी होते. त्या करून झाल्या माझ्या." जरा दम खाऊन म्हणाल्या, "आता विचारू देत."

"अहो वहिनी, ते मालिकेतलं आहे. ओट्याशी उभं राहून तुम्हीच जुळवलंत."

"म्हणून तर. बाकीचं कुणी जुळवलं ते मला माहीत नाही. हे कुणी जुळवलं ते माहीत आहे. भरवसा ठेवायला तेवढं पुरतं."

मी पडदा सरकवला. तो आधीच सरकवलेला होता.

त्याच आठवड्यात मास्तर नवीन भागाची पानं घेऊन सेटवर आले. दृश्य असं: एक विणकर मरायला टेकलाय. सोबतीण विचारते. तो म्हणतो, माझ्या आंधळ्या बहिणीला सांभाळ. त्यावर सोबतीण म्हणते, "जमेल तेवढं घेईन. नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो."

सासूबाईंनी चष्म्यातून पान वाचलं, उलटं करून मागे काही आहे का बघितलं आणि मास्तरांपुढे धरलं. "हे काय आहे?"

"संवाद आहे."

"कुणाचा?"

"सोबतिणीचा."

"मुनीमबाई, जरा इकडे या. ही बाई असं बोलेल का हो?"

माझं कामच ते. मी म्हणाले, "नाही बोलणार. पुराच्या भागात तिने आख्खी विहीर उपसायची घेतली होती, तेव्हा 'जमेल तेवढी' म्हणाली नव्हती. पाठ धरली तरी उपसली."

"पात्र माझं आहे," मास्तर म्हणाले. "मी लिहिलं, मी बदलतो. माणसं बदलत नाहीत का?"

"बदलतात ना," सासूबाई म्हणाल्या. "पण ही कुणासाठी बदलतेय ते इथल्या चहावाल्यालासुद्धा कळतंय."

लाइटवाले उगाचच वायर गुंडाळू लागले. आणि मग मी, जिने फक्त कपाचा हात सांगायचा, बोलून गेले, "आणि मास्तर, तो नियम तुमचा नाहीच. वहिनींचा आहे. मी होते तिथे."

मास्तर खाली बसले. बसले ते सेटवरच्या खाटेवर, जिच्यावर आमची सगळी पात्रं मरतात. मला वाटलं चिडतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "मी दिसलो की तो हात लपवतो. डोकं फोडून घेतो. मग मी घेऊ काय? जे माझ्याच्याने होणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, ते 'घेतो' म्हणून मरणाऱ्या बाईला फसवू? न विचारणं तरी प्रामाणिक आहे."

सासूबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. माणूस भित्रा होता, खोटारडा नव्हता. माझ्या वहीखात्यात या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत आणि एकीतून दुसरी वजा होत नाही.

मास्तरांनी ती ओळ खोडली. ते दृश्य त्या दिवशी राहिलं.

पुढे काही दिवसांनी सकाळच्या शूटिंगला मी सासूबाईंची बोटं नेहमीसारखी मुडपायला गेले, तर मुडपायला काही नव्हतंच. नखं पार आत कापलेली. आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे, ताजे, काही ठिकाणी खपली धरलेले.

"हे काय?"

"मांजर."

"तुम्हाला मांजर चालत नाही. मेकअपच्या खोलीत एकदा आलं होतं तर तुम्ही टेबलावर चढला होता."

"मग शेजाऱ्यांचं मांजर. हात झाका आणि शॉट घ्या."

"सासूबाई, मागच्या शॉटमध्ये हात स्वच्छ आहे. मी विचारणारच."

त्यांनी मेकअपच्या मुलीला बाहेर पिटाळलं, दार लावलं आणि आरशातून माझ्याकडे बघत सगळं सांगितलं. वहिनींना बघायला गेल्या होत्या. मास्तर औषधं आणायला बाहेर पडलेले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मालिकेतल्या धाकट्या सुनेची टिंगल झाली, वहिनी हसल्यासुद्धा. मग सासूबाई निघाल्या. उठल्या, पर्स घेतली, चादरीची सुरकुती सारखी केली आणि सेटवरून निघताना रोज म्हणतो तसं आपलं तोंडातून गेलं, "चला. काय राहिलं?"

"शपथेवर सांगते, मुनीमबाई, माझ्या मनात काही नव्हतं. चष्मा राहिला का, मोबाइल राहिला का, तसलं ते. आणि ही बाई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, 'बुधवार.'"

"मग?"

"मग काय? म्हणू का तिला, की रिहर्सल होती?" सासूबाईंनी ओरखड्यांवर पावडर थापायला सुरुवात केली. "माझा कशावर विश्वास नाही. पण विचारलं होतं ना मी. तिने मला सगळं समजावलं. आधी माझं, मग तुझं. सगळी नखं गेली माझी. त्याने फक्त दोन बोटं दिली, बाकी हे असं दिलं."

"मास्तरांना सांगायला हवं."

"खबरदार. कळलं की सुटले. त्यांना विचारू दे. ती अजून वाट बघतेय."

मी नाही सांगितलं. कप कुठल्या हातात आहे हे मी जगाला सांगत असते. हे मात्र पोटात ठेवलं. बरोबर केलं की चूक, ते अजून जुळवते आहे.

मास्तरांनी शेवटी विचारलं ते एका दुपारी. वहिनींचा चेहरा तोवर उशीएवढाच पांढरा झाला होता आणि आवाज ऐकायला वाकावं लागे. मी खिडकीशी कपडे घडी करत होते. मास्तर आले, स्टूल ओढलं आणि उशाशी बसले. अगदी सोबतीण बसते तसे, डोक्याच्या उजव्या अंगाला, गुडघे जुळवून. ती बैठक त्यांनीच लिहिली होती. दाढी केलेली होती. इस्त्रीचा शर्ट होता. म्हणजे आज ठरवूनच आले होते.

त्यांनी वहिनींचा हात उचलून आपल्या तळहातावर ठेवला. माझ्या हातात उशीचा अभ्रा तसाच राहिला.

"काय राहिलं?" मास्तर म्हणाले.

वहिनींनी डोळे उघडले. बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. कपडेपटवाला म्हणतो तसं. लाइटवाले म्हणतात तसं.

मास्तरांचे खांदे खाली आले. मी बघितलं, माझी नजर तिथेच जाते. कुणाचं तरी ओझं उतरताना दिसावं तसे ते खांदे सुटले. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की आपण सुटलो, आणि त्यांचा चेहरा जो झाला तो मला कुठल्याच दृश्याला जोडता येणार नाही.

"बाळचं?" ते म्हणाले. "बुधवारचं? मी घेतो. ऐकतेस ना? मी विचारलंय, मी घेतो."

"त्याचं झालं."

"कुणी? उशीर झाला का मला?"

"उशीर नाही हो," वहिनींनी डोळे मिटले. "दुसऱ्याने आधी विचारलं, एवढंच."

त्यानंतर वहिनी बोलल्या त्या फक्त पाणी मागायला. मग तेही थांबलं. मास्तर शेवटपर्यंत त्या स्टुलावर होते, पण सांगितलेलं काहीच नसल्यामुळे त्यांच्या हातांना करायला काही उरलं नव्हतं. मग ते चादरीची एकच सुरकुती पुन्हा पुन्हा सारखी करत बसले.

वहिनी गेल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी ते माझ्या दाराशी उभे होते. "मला तिथे घेऊन चल. कुठली बस जाते तेही मला आठवत नाही."

बसमध्ये मी त्यांना सांगितलं कोण ते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सासूबाई. म्हणजे माझंच पात्र." मग बस पुढच्या स्टॉपवरून सुटताना, "माझं कुठलं म्हणा."

संस्थेच्या भिंती खांद्यापर्यंत तपकिरी ऑइल पेंटच्या आणि वर पांढऱ्या. बाळच्या खोलीत भिंतीच्या पट्ट्यावर एके ठिकाणी रंग उडून डोक्याएवढा गोल पडलाय. सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, शेजारी बाळ, त्याची तर्जनी त्यांच्या मुठीत. "आधी माझं," म्हणून त्यांनी नेलकटर स्वतःच्या बोटाशी नेलं. तिथे कापायला काही शिल्लक नव्हतंच. हवेतच टिक् केलं. बाळने वाकून त्यांचं बोट तपासलं. खरंच कापलं का, ते बघत होता. माझ्यापेक्षा काटेकोर.

"मग तुझं."

टिक्.

तेवढ्यात बाळने मान वर केली आणि दारात मास्तर दिसले.

हात काखेत गेले. मान मागे गेली. सासूबाईंनी झटक्यात आपला तळवा भिंत आणि डोकं यांच्यामध्ये घातला. एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं, तळव्यावर. दाराकडे न बघताच त्या म्हणाल्या, "बाहेर."

मास्तर बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतला आवाज हळूहळू विरळ झाला. मग पुन्हा टिक्. खूप थांबून, पुन्हा टिक्. मास्तर प्रत्येक टिक् ऐकताना आपल्या हाताचं एकेक बोट मिटत होते. त्यांना ते कळत नव्हतं.

सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. तळवा सुजला होता.

"मला द्या," मास्तर उठून म्हणाले. "मी शिकेन. आधी व्हरांड्यात बसेन. मग दाराबाहेर. मग दारात. वर्षं लागू देत. पण मला द्या."

"माझं नाही ते, देऊन टाकायला. मला मिळालंय. तुमचाच नियम आहे."

"तिचा."

"तिचा," सासूबाईंनी मान्य केलं. "मग तसं करा, मास्तर. मी जायला टेकले की या. उशाशी बसा आणि विचारा. तेव्हा पहिले तुम्ही असाल तर बघू."

"तुम्ही माझ्यापेक्षा धडधाकट आहात."

"आहे खरी," त्या म्हणाल्या. "माझ्या घराण्यातल्या बायका लवकर मरत नाहीत. मग काय, वाट बघा." आणि त्यांनी ती पुडी मास्तरांच्या हातात दिली. "हे टाका कुठेतरी. संस्थेत सांडलेलं त्यांना चालत नाही."

त्या पुन्हा आत गेल्या. बाळची डोकं टेकायची उशी नीट करायची होती म्हणे.

बसस्टॉपवर मास्तरांनी पुडी उघडली. नखं होती, काही पातळ चंद्रासारखी, काही तुटकी. त्यात एक अंगठ्याचं होतं, जाड आणि एका बाजूने वाकडं वाढलेलं, मांस एकदा कापलं गेलं की पुढे नख वाढतं तसं. माझी नजर आधी तिथेच गेली, सवयच आहे. त्यांचीही तिथेच गेली असावी, कारण त्यांनी पुडी लगेच मिटली.

स्टॉपला लागूनच कचरापेटी होती. बस आली. आम्ही चढलो. कंडक्टरने तिकिटासाठी हात पुढे केला तेव्हा मास्तरांनी डाव्या हाताने खिसा चाचपला, अडखळत, कारण पाकीट उजव्या खिशात होतं. उजवी मूठ त्यांनी उघडली नाही.

उजवी. हे लक्षात ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं.